नमुना क्रमांक एकतीस

फोर्सिनार्डचं स्टेशन ओलांडलं की दलदल सुरू होते
आणि संपायचं नाव घेत नाही.
गुडघ्याखाली खताच्या पिशवीचा तुकडा घालून
मी शेवाळावर पांढरा डबा उपडा ठेवते,
कडेच्या फटी चिखलानं लिंपते
आणि घड्याळ बघत बसते.
दोन मिनिटं. सात. पंधरा.
डब्याखाली जमीन श्वास सोडते.
तो सुईनं ओढून घ्यायचा,
करंगळीएवढ्या बाटलीत कोंडायचा,
वर आकडा घालायचा.

प्रश्न तसा घरगुतीच आहे:
ही जमीन रोजच्या कमाईवर जगते आहे
की ठेव मोडून खाते आहे?
यंदाच्या गवतानं मुळांतून सोडलेली साखर, ती कमाई.
खाली सहा हात, काळ्या पाण्यात
हजारो वर्षं न कुजता निजलेलं शेवाळ, ती ठेव.
श्वासात दोन्ही सारखीच,
रंग नाही, वास नाही.
फरक वजनाचा, तोही गुंजेच्या कितीतरी खालचा:
कार्बनच्या जड कणांत
हजारी दोन-चार इकडे कमी, तिकडे जास्त.

वॉटी गन माझ्याबरोबर फळ्या वाहतो.
विशीत असताना त्यानंच इथे चर खणले,
सरकारी नांगरानं, झाडं लावायची म्हणून.
पाणी उतरलं, हवा आत शिरली,
झाडं काही धरली नाहीत.
आता त्याच चरांना बांध घालायचे पैसे घेतो.
"दोन्ही वेळा मजुरी तासावरच," म्हणतो,
आणि दात नसलेल्या बाजूनं हसतो.

मंगळवारी यंत्रातून आकडे आले.
तीस बाटल्या उणे सव्वीस-अठ्ठावीसच्या घरात.
एकतिसावी: उणे एकवीस.
नळ्या धुतल्या, उरलेला वायू पुन्हा लावला.
उणे एकवीस.
एवढा जड कार्बन इथे यायचा कुठून?
तो उसाचा, मक्याचा, ज्वारीचा,
रणरणत्या उन्हात हवा वेगळ्या रीतीनं गिळणाऱ्या गवतांचा.
इथे जुलैतही माझ्या अंगात दोन स्वेटर.

रात्री भाकरी थापताना हात थांबला.
लेस्टरहून आणलेलं पीठ,
तीन आठवडे, दोन्ही वेळा,
वर गुळाचा खडा.
आणि त्या दिवशी, आता आठवलं,
बाटलीच्या उघड्या तोंडावर चिलटं घोंघावत होती
म्हणून मी वाकून फुंकर मारली होती.
बार्शीकडची शाळू
आकडा लावून घेऊन
माळाच्या रांगेत जाऊन बसली होती.

दुसऱ्या दिवशी वॉटीलाही फुंकायला लावलं, गंमत म्हणून.
ओट, बटाटे, मेंढीचं मटण, जन्मभर हेच.
उणे सव्वीस पूर्णांक आठ.
माळाचा आकडा शेजारी ठेवला
तर यंत्राला दोघांना वेगळं करता येईना.
सांगितलं, तर हातोडा खाली ठेवून
बराच वेळ चराकडे बघत राहिला.
"मग मलाही घाला कुठेतरी एक बांध,"
एवढंच बोलला, आणि पुढची फळी उचलली.

मोठा निकाल अजून धड लागलेला नाही.
बांधाच्या वरच्या अंगाला ठेव शाबूत दिसते,
खालच्या अंगाला मोडते आहे.
किती, ते आणखी दोन उन्हाळ्यांनी सांगू,
असं अहवालात लिहायला मला जड जातं,
पण खरं तेच आहे.

नोंदवहीत एकतीससमोर लिहिलं:
बाद. कारण, निरीक्षकाचा श्वास.
पिठाचा डबा तळाला लागलाय.
थर्सोच्या दुकानात ओट स्वस्त मिळतात,
तेच आणते हल्ली.
दिवाळीच्या सुमाराला पुन्हा एकदा बाटलीत फुंकून बघेन
उणे किती झाले आहे ते.

एकतिसावी मात्र टाकवली नाही.
खिडकीत आहे.
आत आता काहीच नाही बहुतेक,
तरी बूच मी घट्ट लावून ठेवलंय.